भाजीतलं फवारणीचं औषध शोधायचंय? आधी पिशवी नीट भरा

माझ्याकडे लॅबमधे येणारे अर्धे लोक भाजी स्वच्छ धुवून आणतात, वर सांगतात की बघा किती फ्रेश! अहो धुतलीत म्हणजे वरचं थोडंफार औषध नळाखाली गेलं, आता मी काय शोधू.

तर समजा गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तांबडी भाजी (लाल माठ) आणलीय. एकाच जुडीवर भागवू नका, त्याच ढिगातल्या वेगवेगळ्या जुड्या मिळून किलोभर घ्या, माती झटका, कुजलेली पानं काढा आणि न धुता बारीक चिरून फ्रीझरमधे टाका. गोठलेली भाजी मिक्सरला एकसारखी वाटली जाते आणि काही औषधं गरम झाली की वाटतानाच मोडतात, तेपण टळतं.

पुढची पद्धत क्वेचर्स, म्हणजे भाजीतलं औषध झटपट सॉल्व्हंटमधे काढून साफ करायची, २००३ साली आली आणि आता जवळजवळ सगळीकडे हीच. वाटलेली भाजी १० ग्रॅम ५० एमएलच्या ट्यूबमधे, त्यात १० एमएल अॅसिटोनायट्राइल (औषध ओढून घेणारं सॉल्व्हंट), एक मिनिट जोरात हलवा. मग ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट नि १ ग्रॅम मीठ (लॅबमधलं हां, स्वयंपाकघरातलं नको) घालून लगेच हलवायचं. लगेच म्हणजे लगेच, फोन वाजला तरी वाजू दे, नाहीतर तळाशी दगडासारखा गठ्ठा होतो आणि मग कितीही आपटा. ट्यूब हाताला गरम लागते, घाबरू नका, मॅग्नेशियम सल्फेट पाणी ओढतं त्याची ती ऊब. सेंट्रिफ्यूज केल्यावर, म्हणजे ट्यूब मशीनमधे गरगर फिरवल्यावर, वरचा थर आपला, औषध त्यातच असतं.

त्यातला १ एमएल घेऊन १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मिलिग्रॅम पीएसए (भाजीतली आम्लं वगैरे धरून ठेवणारी पावडर), हे साफसफाईसाठी. पालेभाजीचा रंग जात नाही म्हणून लोक कार्बन पावडर ओततात, पण चिमूटभरच घाला कारण ती रंगासोबत थायाबेंडाझोलसारखी चपट्या रेणूंची औषधंपण गिळते. मग फिल्टर करून औषधं वेगळी करून ओळखणाऱ्या मशीनला: इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं एलसी-एमएस-एमएसवर (द्रवातून वेगळी करणारं), तापवल्यावर उडून जाणारी जीसी-एमएस-एमएसवर (वायूतून वेगळी करणारं).

स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी माहीत प्रमाणात औषध घातलेलं द्रावण, नुसत्या सॉल्व्हंटमधे बनवलंत तर आकडा फसवतो, भाजीतले बाकीचे घटक सिग्नल दाबतात किंवा फुगवतात. मी आमच्या परसातली बिनफवारणीची तांबडी भाजी ह्याच पद्धतीने काढून त्यात स्टँडर्ड बनवतो. त्याच भाजीत मुद्दाम माहीत असलेलं औषध घालून परत मोजा, ७० ते १२० टक्के परत मिळालं तर पुढे जा. हिशोब सोपा आहे, १० ग्रॅमला १० एमएल, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो हे १० नॅनोग्रॅम प्रति एमएल.

गोव्यातल्या खोला गावची सुकी मिरची असेल तर हे प्रमाण चालत नाही, २ ग्रॅमच घ्या आणि आधी १० एमएल पाण्यात भिजवा (आणि हिशोबात पाचाने गुणायला विसरू नका, मी एकदा विसरलोय).

औषध तपासायच्या रंग बदलणाऱ्या कार्डाबद्दल खूप जण विचारतात. ते एंझाइम बंद पडतं का एवढंच बघतं, त्यामुळे ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट ह्या दोन गटांतली कीटकनाशकं सोडून बाकीचं त्याला दिसतच नाही. आणि मँकोझेब हे बुरशीनाशक तर वरच्या क्वेचर्समधेपण सापडत नाही, त्याला आम्लात तापवून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजावा लागतो. तेव्हा टोमॅटो, मिरची देताना फॉर्मवर मँकोझेब वेगळं लिहा, त्याची टेस्ट वेगळी लावावी लागते.