पाठीतल्या पाण्यात बुरशी शोधताना

पाठीतलं पाणी लॅबमध्ये आलं की बाटली उजेडात धरून बघायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. बघा, पण विसंबू नका. क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या मेंदूज्वरात, त्यातून पेशंट एचआयव्हीचा असेल तर, पाणी नितळ आणि पेशी मोजक्याच असं बरेचदा असतं. 'नॉर्मल दिसतंय, उद्या बघू' म्हणून बाटली फ्रिजमध्ये ढकलायची नाही.

सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा. वरचं पाणी अँटिजेन (बुरशीचा अंश) तपासण्यासाठी काढून ठेवा, तळाचा गाळ टिचकी मारून मोकळा करा. त्याचा एक थेंब स्लाइडवर, शेजारी इंडिया इंकचा, म्हणजे काळ्या शाईचा, जरा लहान थेंब. दोन्ही मिसळून कव्हरस्लिप तिरकी टेकवा नि अलगद सोडा, नाहीतर बुडबुडेच बघत बसाल. स्लाइड छापील कागदावर ठेवली तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. नाही आली तर शाई जास्त झाली, नवी स्लाइड करा.

मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली, उजेड कमी, आधी १० ची लेन्स, मग ४० ची. क्रिप्टो दिसतो तो खळं पडलेल्या चंद्रासारखा. फसवते ती लिम्फोसाइट, म्हणजे पांढरी पेशी. तिच्याभोवतीही शाई थोडी मागे सरते, पण कड धूसर, विस्कटलेली. क्रिप्टोचं खळं कंपासने आखल्यासारखं, आतल्या पेशीची भिंत चकाकती. अरुंद मानेने चिकटलेलं पिल्लू दिसलं की मग शंका नको.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी असाच पॉझिटिव्ह रिपोर्ट लिहायला घेतला होता. सरांनी नुसत्या शाईचा थेंब बघायला लावला. यीस्ट शाईच्या बाटलीतच वाढलं होतं! खळं नव्हतंच, उत्साहात मला दिसलं. तेव्हापासून आधी नुसत्या शाईची स्लाइड.

काही दिसलं नाही तरी सुटका नाही. बुरशी कमी असली की शाईत हुकते, म्हणून अँटिजेनची पट्टी लावाच. १० मिनिटांचं काम. कल्चर साबुराँ या बुरशी वाढवायच्या माध्यमावर, पण सायक्लोहेक्सिमाइड (इतर बुरशी रोखणारं औषध) नसलेल्या. त्या औषधात क्रिप्टोही वाढत नाही.

पॉझिटिव्ह आलं तर रजिस्टर नंतर, आधी वॉर्डला फोन. पाणी काढताना त्याचं प्रेशर मोजलं होतं का तेही विचारा. २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पुन्हा पाणी काढावं लागतं, म्हणजे उद्या आणखी एक बाटली येणार. शाई शिल्लक आहे ना, बघून ठेवा.