अमेरिकेतील भारतीयांचे यश आणि नवख्यांनी सांभाळायची एक तारीख

अमेरिकेत शिकायला येऊ पाहणाऱ्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलताना एक आकडा हमखास पुढे येतो. तेथील भारतीय वंशाच्या कुटुंबांचे मध्यक (निम्म्या कुटुंबांचे ज्याहून जास्त आणि निम्म्यांचे कमी असते ते) वार्षिक उत्पन्न २०२३ साली दीड लाख डॉलरच्या आसपास होते, तर सर्व अमेरिकी कुटुंबांचे मिळून ते ऐंशी हजारांच्या घरात होते. आकडा खरा आहे. परंतु त्याचा अर्थ ‘मूल अमेरिकेला गेले की त्याचे भले होतेच’ असा लावून राहते घर तारण ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत सांगलीतले आमचे घरही त्यांपैकीच एक होते. म्हणून हे यश कशातून आले, त्यातले काय नव्याने येणाऱ्याला आपोआप लाभते आणि काय, विशेषतः ग्रीन कार्डाच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) रांगेतली तारीख, त्याला स्वतः मागून घ्यावे लागते, ते शक्य तितके स्पष्ट लिहिते आहे. आय-ट्वेंटी (विद्यापीठाचे प्रवेशाचे पत्र), एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) आणि ओपीटी (शिक्षणानंतर ठरावीक काळ नोकरीची मुभा) यांचा तपशील येथे देत नाही.

आपल्याकडे या यशाचे श्रेय कष्टाळूपणाला, गणिताला आणि कुटुंबसंस्थेला दिले जाते. कष्टांना मी कमी लेखत नाही. पण कष्ट पुरेसे असते, तर रत्नागिरी आणि रायगडमधून कित्येक दशके आखातात जाऊन बांधकामावर, जहाजांवर आणि हॉटेलांत राबणारी माणसेही तितकीच श्रीमंत झाली असती. त्यांच्या कष्टांत काहीही उणे नाही. फरक कायद्याचा आहे. आखातात कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असतो, उभी हयात तेथे घालवूनही बहुतेकांना नागरिकत्व मिळत नाही, आणि त्यामुळे साठवलेला पैसा गावच्या घरात, बहिणीच्या लग्नात आणि मुलांच्या शिक्षणात जातो. ज्या देशात तो कमावला तेथे त्यातून मालमत्ता किंवा धंदा क्वचितच उभा राहतो.

अमेरिकेत भारतीय माणूस पोहोचतो तोच मुळी एकामागून एक लावलेल्या चाळण्यांमधून. पहिली चाळणी घराची: ज्या घरांत दोन पिढ्यांपासून शिक्षण होते, इंग्रजीची ओळख होती आणि बहुधा जातीचा आधारही होता, त्या घरांतली मुले पुढे सरकली. दुसरी प्रवेशपरीक्षेची. तिसरी अमेरिकी कायद्याची, आणि तीच सर्वांत बारीक. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला केवळ १०० जागा दिल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने देशनिहाय जुना कोटा मोडला आणि कौशल्य व कुटुंब या आधारांवर दार उघडले. त्याच वर्षी वृद्धांसाठी मेडिकेअर योजना मंजूर झाली आणि डॉक्टरांची मागणी वाढली. परिणामी पुढच्या काळात जे आले त्यांत डॉक्टर, अभियंते आणि शास्त्रज्ञ यांचे प्रमाण विलक्षण होते, आणि त्यांचे शिक्षण मुंबई आयआयटीसारख्या, १९५८ साली सुरू झालेल्या सरकारी संस्थांमधून, म्हणजे भारतातल्या करदात्याच्या पैशांतून झालेले होते. ही बाब यशाच्या गोष्टी सांगताना वगळली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर १९९० च्या कायद्याने एच-वन-बी हा कुशल नोकरीसाठीचा परवाना आणला, शतक उलटताना संगणकांतील तारखांच्या दुरुस्तीचे प्रचंड काम निघाले, आणि ती मागणी पुरवायला भारतात अभियंते तयार होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली नसती, तर जिल्ह्याच्या ठिकाणची हजारो मुले या प्रवाहात आलीच नसती. आज अमेरिकेतील प्रौढ भारतीयांपैकी चारांत सुमारे तिघांकडे पदवी आहे. भारतात हे प्रमाण कितीतरी कमी आहे. ज्या गटाची निवडच अशी झाली आहे, त्याचे उत्पन्न जास्त असणे स्वाभाविक आहे. आणि त्या आकड्यात आपण आपोआप बसू असे नवख्याने मुळीच समजू नये. शिवाय हे कुटुंबाचे उत्पन्न आहे. त्यात बहुधा दोघांची कमाई असते, आणि ते न्यू जर्सी किंवा सॅन होजे यांसारख्या महागड्या भागांत कमावून तेथेच खर्चायचे असते.

दुसरा मोठा घटक परस्परांच्या आधाराचा. गुजरातमधून आलेल्या पटेल मंडळींनी नातेवाइकांकडून शब्दावर पैसे उभे करून रस्त्याकडेची मोटेल घेतली, तेथेच राहिली, घरच्यांनीच खोल्या आवरल्या, आणि पहिले मोटेल फिटले की पुढच्या भाच्या-पुतण्याला उभे केले. १९८९ साली स्थापन झालेल्या त्यांच्या हॉटेलमालक संघटनेचे सदस्य आज देशातल्या निम्म्याहून अधिक हॉटेलांचे मालक आहेत. सिलिकॉन व्हॅलीत १९९२ साली ‘टाय’ ही उद्योजकांची संस्था निघाली आणि आधी आलेल्यांनी नंतर आलेल्यांच्या कंपन्यांत पैसे व वेळ घातला. आपली महाराष्ट्र मंडळे गणपती, दिवाळी आणि नाटके उत्तम करतात. १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळही आहे. परंतु भांडवल उभे करून देण्याची रीत आपल्यात त्या मानाने रुजली नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. मंडळात जरूर जा. तेथे राहायला खोली मिळेल, विमानतळावर घ्यायला कुणी येईल, आजारपणात डबा मिळेल, आणि पहिल्या हिवाळ्यात या गोष्टींची किंमत पगाराहून कमी नसते.

मार्गदर्शकांबद्दलही माझे मत ठाम आहे. मोठ्या कंपनीचा प्रमुख झालेला भारतीय तुम्हाला प्रेरणा देईल, पण त्याच्या काळचे नियम आज लागू नाहीत. गावातला काउन्सेलर अनेकदा ज्या विद्यापीठाकडून कमिशन मिळते त्याच विद्यापीठाचे नाव सुचवतो. तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षे आधी आलेली, नुकतीच त्याच वाटेने गेलेली आणि स्वतःचे कागद उघडून दाखवायला तयार असलेली व्यक्ती शोधा. तिच्याइतका उपयोगी सल्ला दुसरा कुणी देत नाही.

आता ज्या सापळ्यात मी सापडले त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तो आजही तसाच उघडा आहे. नोकरीच्या आधारावर दिली जाणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० असतात, त्यांत पती-पत्नी आणि मुलेही मोजली जातात, आणि एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. भारतीयांची रांग म्हणूनच इतकी लांब आहे. या रांगेतली तुमची जागा ‘प्रायॉरिटी डेट’ ठरवते. तुम्ही अमेरिकेत कधी उतरलात, पदवी कधी मिळाली किंवा एच-वन-बी कधी मंजूर झाला, यांच्याशी त्या तारखेचा काहीही संबंध नाही. मालकाने तुमच्या पदासाठी ‘पर्म’ हा, त्या जागी परदेशी माणूस कायम नेमू देण्यासाठीचा, श्रम विभागाकडचा अर्ज ज्या दिवशी दाखल केला, तो दिवस म्हणजे तुमची तारीख.

पण एवढे कळणे पुरत नाही. पर्म मंजूर झाल्यावर मालकाला १८० दिवसांच्या आत आय-१४० हा दुसरा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे करावा लागतो, आणि तो मंजूर झाल्यावरच ती तारीख खऱ्या अर्थाने तुमची होते. त्यानंतर तुम्ही नोकरी बदललीत तर नव्या मालकाला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, परंतु रांगेतली जुनी जागा, अर्जात लबाडी किंवा मोठी चूक निघाली नाही तर, टिकून राहते. आय-१४० मंजूर होण्याआधी नोकरी गेली, तर तारीखही जाते. माझे तसेच झाले. पर्म २०१२ साली दाखल झाला आणि मंजूरही झाला. आय-१४० ‘पुढच्या तिमाहीत करू’ असे मनुष्यबळ विभाग सांगत राहिला, आणि त्या तिमाहीच्या आधीच आमचा विभाग बंद करण्यात आला. नोकरी गेल्यावर देशात राहण्यासाठी मिळणारी ६० दिवसांची सवलत २०१७ पासूनची आहे, तेव्हा तीही नव्हती. नोटिशीच्या काळातच दुसरी नोकरी मिळाल्यामुळे मी या देशात राहू शकले. नव्या कंपनीत वर्षभर थांबल्याशिवाय प्रक्रिया सुरू करायची नाही असा नियम होता, मग पर्मआधी लागणाऱ्या जाहिराती, मग वेतननिश्चिती, आणि माझी नवी तारीख २०१५ सालची पडली.

वरवर हा केवळ तीन वर्षांचा फरक दिसतो. प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. करोनाच्या काळात नातेवाइकांसाठीच्या गटातली न वापरलेली ग्रीन कार्डे नोकरीच्या गटाकडे आली, आणि २०२२ मध्ये ईबी-टू या (उच्च पदवीधरांच्या) गटातली भारतीयांची रांग काही महिने २०१४ पर्यंत पुढे सरकली, म्हणजे त्याआधीची तारीख असलेल्यांची पाळी आली. विभाग बंद पडण्याआधी माझ्या ज्या सहकाऱ्याचा आय-१४० मंजूर झाला होता, त्याला त्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाले. त्यानंतर रांग थेट २०११ पर्यंत मागे गेली आणि २०२५ मध्येही ती २०१३ च्या सुरुवातीच्या तारखांपाशी रेंगाळत होती. मी अजून रांगेतच आहे. मधल्या काळात माझ्या अभियंता नवऱ्याला एच-फोर या (एच-वन-बीधारकाच्या जोडीदाराच्या) परवान्यावर नोकरी करता आली नाही, कारण २०१५ मध्ये जोडीदारांना कामाची मुभा मिळाली तीही मुख्यतः एच-वन-बीधारकाचा आय-१४० मंजूर असेल तर. म्हणजे ज्या दुहेरी कमाईच्या जोरावर भारतीय कुटुंबांचा आकडा इतका मोठा दिसतो, ती दुहेरी कमाई आमच्या घरात एका न पाठवलेल्या अर्जामुळे कित्येक वर्षे नव्हती. परदेशात जन्मलेल्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण २१ वर्षे पूर्ण झाली की ती आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतात.

म्हणून नोकरीचा प्रस्ताव हाती असतानाच, पगारावर बोलताना, पर्म किती महिन्यांत सुरू होईल हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. पाच हजार डॉलर कमी मिळाले तरी प्रक्रिया लवकर सुरू करणारी कंपनी घ्या. आय-१४० प्रीमियम सेवेने, म्हणजे काही आठवड्यांत निकाल लागेल अशा रीतीने, पाठवायला सांगा. मंजुरीच्या पत्राची प्रत मागा आणि ती घरी ठेवा. पर्मचा खर्च कायद्याने मालकानेच करायचा आहे. तो तुमच्या पगारातून कापणाऱ्या मालकाकडे राहू नका. हे विचारताना संकोच वाटतो, वरिष्ठ नाराज होतील अशी भीती वाटते. मलाही वाटत असे. परंतु अमेरिकी सहकाऱ्यांच्या दृष्टीने हा पगारासारखाच एक व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि तो विचारल्यामुळे कुणाची नोकरी गेल्याचे मी पाहिलेले नाही.

आडवाटांबद्दल अजिबात मऊ शब्दांत लिहिणार नाही. नुकत्याच पास झालेल्या मुलाच्या रिझ्युमेवर सात वर्षांचा अनुभव लिहून देणाऱ्या आणि त्याच्या जागी दुसऱ्याला मुलाखतीला बसवणाऱ्या कन्सल्टन्सी ही फसवणूक आहे, आणि ती उघडकीस आली तर परवान्याचा प्रत्येक पुढचा अर्ज अडतो. वर्गात न जाता पहिल्याच दिवसापासून कामाची परवानगी देणाऱ्या संस्थांपासून दूर राहा. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर कारवाई झाली तेव्हा तेथील बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते. २०१९ मध्ये उघड झालेले मिशिगनचे फार्मिंग्टन विद्यापीठ तर सरकारी यंत्रणेनेच सापळा म्हणून उभारलेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला लष्करी विमानातून बेकायदा शिरलेल्या शंभराहून अधिक भारतीयांना परत आणले गेले. त्यांतल्या अनेकांनी जमिनी विकून दलालांना पैसे दिले होते. ती माणसेही हाच श्रीमंतीचा आकडा ऐकून निघाली असतील, आणि त्यांना हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.

इतके वाचून घाबरून जाऊ नका. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर ओपीटीची एकूण तीन वर्षे मिळतात, आणि चांगल्या सरकारी विद्यापीठात संशोधन किंवा अध्यापन साहाय्यकाची जागा मिळाली तर कर्ज निम्म्यावर येते. आल्यापासून पहिल्याच सत्रात प्राध्यापकांना भेटायला लागा. त्यासाठी जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण लागत नाहीत, त्यांचे दोन शोधनिबंध वाचून गेलात तरी पुरते. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावले. अमेरिकेतच शिकून परवाना बदलणाऱ्यांना ते लागू नसल्याचे नंतर स्पष्ट करण्यात आले, तरी नियम पुढेही बदलत राहणार असे धरूनच हिशेब मांडावा.

हिशेब कसा मांडावा, तर पगार रुपयांत धरून. ४० लाखांचे कर्ज ११ टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे असेल, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५५ हजार रुपये पडतो. परवाना मिळाला नाही आणि पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी धरावी लागली, तर हा हप्ता तुमच्या पगारातून घरभाडे देऊन झेपेल का, हे आधी वडिलांसमोर बसून कागदावर काढा. झेपत असेल तर निःशंक या. झेपत नसेल तर कमी फीचे विद्यापीठ पाहा किंवा दोन वर्षे नोकरी करून पैसे साठवा, पण राहत्या घराची कागदपत्रे बँकेत देऊ नका.