नेट रखडतंय, मेल अडकलाय? आधी दोष कुठे आहे ते शोधा

नेट हळू झालं की आपण राउटर बंद-चालू करतो. त्याने कधी कधी भागतंही, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

सुरुवात फायबरच्या डब्यापासून करा. त्यावरचा 'एलओएस' दिवा लाल असेल तर बाहेरून सिग्नलच येत नाही. सोफा सरकवताना वायर दुमडली नाही ना, एवढं बघा (आत काच असते) आणि सरळ तक्रार नोंदवा.

दिवा ठीक असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा. केबलवर पूर्ण वेग मिळाला तर दोष वाय-फायचा. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि केबलवर जेमतेम ९५ दिसत असतील तर केबल किंवा पोर्ट जुन्या पद्धतीचा असणार. डाउनलोडचा आकडा मात्र आठने भागलेला दिसतो: ३०० एमबीपीएस (मेगाबिट) म्हणजे सेकंदाला साधारण ३७ एमबी (मेगाबाइट). त्यावरून कंपनीशी भांडू नका.

वाय-फायमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा (बँड) लांब पोचतो, पण सोसायटीत शेजाऱ्यांचीही त्यावरच गर्दी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मात्र भिंतीपुढे दमतो. राउटर टीव्हीमागून आणि लोखंडी कपाटाजवळून हलवा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

केबलवरही नेट अधूनमधून रखडत असेल तर फोनचे फोटो बॅकअपला लागलेत का पाहा. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडही अडतं, कारण आलेल्या डेटाची पोच त्याच वाटेने परत जाते. बॅकअप थांबवा, पुन्हा मोजा.

आता मेल. तोच मेल मोबाइल डेटावर उघडून बघा. तिथेही अडला तर वाय-फायला दोष देऊ नका. जीमेलची मोफत १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्हसोबत वाटलेली असते. ती भरली की नवे मेल येणं थांबतं. पाठवायची फाइल २५ एमबीपेक्षा मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक पाठवा.

आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्राममध्ये मेल येतात पण जात नाहीत? सेटिंगमध्ये पाठवण्याचा पोर्ट (इथे हा नुसता क्रमांक) २५ असेल तर ५८७ करा. २५ अनेक कंपन्या घरगुती जोडणीवर बंद ठेवतात. प्रोग्राम सारखा पासवर्ड मागत असेल, पण ब्राउझरमध्ये तोच चालत असेल, तर त्या प्रोग्राममधून जीमेलचं खातं हटवून गूगलच्या साइन-इनमधून पुन्हा जोडा.

तक्रार करायची वेळ आलीच तर केबलवर मोजलेला वेग आणि वेळ सांगा. वाय-फायवरचा आकडा कंपनीवाले ऐकून घेत नाहीत.