‘पास्ड आउट इन 2019’? मग शुद्धीवर कधी आलात?

परदेशी विद्यापीठाच्या अर्जात आपली मुलं हमखास एक वाक्य लिहितात : ‘आय पास्ड आउट इन 2019.’ पुण्यात ते वाचून कोणाची भुवईसुद्धा हलत नाही. लंडनचा किंवा शिकागोचा माणूस मात्र थबकतो. त्याच्या लेखी तुम्ही 2019 साली बेशुद्ध पडला होता.

चूक कशी होते ते कळलं की टाळणं सोपं. परीक्षा ‘पास’ झालो, कॉलेजातून ‘बाहेर’ पडलो, म्हणून पास आउट. हिशेब सरळ आहे, पण फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘आउट’, ‘अवे’सारखा शब्द जोडून बनलेलं क्रियापद, असल्या हिशेबाने चालत नाही. ‘पास आउट’चा रोजचा अर्थ शुद्ध हरपणे : उन्हाने, रक्त बघून, नाहीतर दारू जास्त झाल्याने. दमून आडवं होताच गाढ झोप लागली, तरी गमतीने हेच म्हणतात.

मग खडकवासल्याच्या एनडीएतली ‘पासिंग आउट परेड’ चुकीची का? अजिबात नाही. लष्कराचं किंवा पोलिसांचं प्रशिक्षण पूर्ण करणे हा ब्रिटिश इंग्रजीत या क्रियापदाचा रीतसर अर्थ आहे. मे 2025 मध्ये एनडीएतून 17 महिला कॅडेटची पहिली तुकडी बाहेर पडली, ती ‘पास्ड आउट’च झाली. बी. कॉम.वाल्यांनी हा मान त्यांच्याकडेच राहू द्यावा.

पदवी घेतली असेल तर ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम पुणे युनिव्हर्सिटी इन 2019’ म्हणा, आणि त्यातला ‘फ्रॉम’ गाळू नका. बारावीसाठी ‘आय फिनिश्ड स्कूल’ पुरे. परीक्षेपुढे तर ‘आउट’ नकोच : ‘आय पास्ड द एक्झाम.’ ‘आय ॲम 2019 पासआउट’ हे नोकरीच्या जाहिरातींनी रुळवलेलं रूप आहे. भारतातल्या एचआरला ते कळतं, तिथे उगाच व्याकरण शिकवत बसू नका. पण बाहेर जाणाऱ्या बायोडेटातून ते काढाच.

त्याच बायोडेटात आणखी एक रकाना लपलेला असतो, ‘इयर ऑफ पासिंग’. इंग्रजीत माणसाच्या ‘पासिंग’चा सौम्य अर्थ मृत्यू. म्हणजे दहावी, बारावी आणि पदवी मिळून तुम्ही तीनदा वारलात! ‘इयर ऑफ कम्प्लीशन’ लिहा.

याची उलटी चूक जास्त बोचते. साहेबांना रजेच्या मेलमध्ये ‘माय ग्रँडमदर पास्ड आउट’ असं लिहिलंत, तर ‘आता बरं वाटतंय ना त्यांना?’ असं उत्तर येईल, आणि त्यात साहेबांचा काही दोष नाही. आजी गेली असेल तर ‘पास्ड अवे’. एवढ्या एका शब्दावर सांत्वन अडतं.

राहिला वाटण्याचा अर्थ. वर्गात पेपर वाटणे म्हणजे ‘पास आउट द पेपर्स’, हे अमेरिकेत जास्त चालतं. इंग्लंडमध्ये ‘गिव्ह आउट’ किंवा ‘हँड आउट’. इथे सर्वनाम मध्येच बसतं : ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ म्हणालात तर वर्गातला चौकस पोरगा हसणारच.