नाण्यांचा क्लब चालवायचाय? मीटिंग, लिलाव आणि बातमीपत्र कसं जमवायचं ते बघा

नाणी जमवणारे पाच-सहा जण एकमेकांना सापडले की पहिली हौस येते ती क्लबचं नाव ठरवायची, लोगो करायची आणि अध्यक्ष कोण, सचिव कोण यावर तासभर डोकं लावायची. हे सगळं नंतर. आधी एक वार आणि एक जागा पक्की करा. महिन्याचा दुसरा रविवार म्हटलं की दुसराच रविवार, मग त्या दिवशी तीनच टाळकी आली तरी मीटिंग होणार. तारीख "सगळ्यांच्या सोयीने" ठरवायला बसलात की ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडतो, मीटिंग मात्र होत नाही.

माझं सरळ मत आहे, क्लबचं काम दोनच गोष्टींचं: नाणं हातातून हातात फिरलं पाहिजे आणि त्याबद्दल जे कळलं ते कुठेतरी लिहून राहिलं पाहिजे. सत्कार, भाषणं, ग्रुप फोटो यातलं काहीही नसलं तरी क्लब मस्त चालतो, पण ही दोन नसली की वर्षभरात लोक यायचे थांबतात.

जागा लायब्ररीची खोली असो नाहीतर शाळेचा वर्ग, कुणाचं घर शक्यतो नको. घरी कोणाकडे काय माल आहे हे बाहेर कळणं चांगलं नाही आणि नवीन माणूस अनोळखी घरात यायला बिचकतो. टेबल मोठं हवं, त्यावर जाड मऊ कापड टाका कारण नाणं पडणारच आहे आणि कडक लाकडावर पडलं की कडेला टोचा बसतो, तो जन्मात जात नाही. आणि एक-दोन टेबल लॅम्प हवेतच. वरच्या पसरट उजेडात सगळी नाणी छान दिसतात, हाच घोळ आहे, लॅम्प एका बाजूने तिरका मारून नाणं हळूहळू फिरवलं की घासल्याच्या बारीक रेषा लगेच उठून दिसतात.

मीटिंगला विषय ठेवा आणि तो महिनाभर आधी सांगा. "या वेळी काहीही आणा" म्हटलं की कोणीच काही आणत नाही. जहाजं असलेली नाणी, भोक असलेली नाणी (जपानचं ५ आणि ५० येन घेऊन कोणीतरी येतंच), पक्षी, युद्धकाळातली नाणी, असं काहीतरी सोपं द्या म्हणजे ज्याच्याकडे डबाभर साधी नाणी आहेत त्यालाही दोन सापडतात. टाकसाळीत चूक होऊन बाहेर पडलेल्या नाण्यांचा विषय तर कधीच फसत नाही. ब्रिटनच्या २० पेन्सचं २००८ चं प्रकरण घ्या. जुन्या डिझाइनमध्ये साल मागच्या बाजूला होतं, नव्यात ते राणीच्या, म्हणजे पुढच्या बाजूला आणलं, आणि मधल्यामध्ये काही नाण्यांना जुनी पुढची बाजू आणि नवी मागची बाजू अशी जोडी लागली, म्हणजे साल कुठेच नाही! असं नाणं टेबलावर आलं की बोला-बोला करावं लागत नाही, लोक आपोआप भिंग मागतात.

फिरवताना नियम मात्र कडक. नाणं फक्त कडेने धरायचं, अंगठा आणि बोटाच्या मधे, आणि कायम कापडाच्या वर. उघडं नाणं तोंडासमोर धरून बोलायचं नाही, थुंकीचे बारीक थेंब पडतात आणि त्याचे डाग काही महिन्यांनी वर येतात तेव्हा दोष कोणाचा हे कळतही नाही. ट्रे एकाच दिशेने फिरवा, एका वेळी एकच, आणि ज्याचं नाणं आहे त्याची नजर त्यावर हवी. हे अविश्वास म्हणून नाही, दोन सारखी नाणी अदलाबदल झाली की मैत्री तुटते म्हणून.

आता माझा आवडता भाग, तपासणीचं टेबल. क्लबच्या पैशातून पहिली खरेदी काय करायची असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, नाण्याचा व्यास आणि जाडी मोजायला एक डिजिटल कॅलिपर, एक चांगलं लोहचुंबक आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. एवढ्यावर नव्वद टक्के वाद मिटतात (हे माझं ठोकताळ्याचं गणित हं, मोजायला गेलो नाहीये).

चुंबकाने काय होतं ते बघा. १९४३ साली अमेरिकेने एक सेंटचं नाणं जस्त चढवलेल्या पोलादाचं काढलं कारण तांबं युद्धाला लागत होतं, आणि थोडीशी नाणी चुकून ब्राँझच्या चकत्यांवर पाडली गेली, ती प्रचंड दुर्मिळ. साहजिकच पोलादी नाण्यांना तांब्याचा मुलामा देऊन खपवणारे निघाले. चुंबक लावा, चिकटलं की विषय संपला. पण नाही चिकटलं म्हणजे खरं असं नाही, कारण १९४८ च्या सेंटमधला आठ कोरून तीन केलेलेही फिरतात, तेव्हा पुढे भिंग घेऊन तो तीन नीट बघायचा. वजन ३.११ ग्रॅमच्या आसपास आलं तर ब्राँझ, २.७० आलं तर पोलाद. एक टेस्ट पास झाली म्हणून उड्या मारायच्या नाहीत, हे नवीन सदस्यांना इथेच शिकवा.

चांदीच्या नाण्याला घनतेची टेस्ट करून दाखवा, पोरं काय मोठेही बघत बसतात. समजा मारिया थेरेसा थेलर आहे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राणीचं मोठं चांदीचं नाणं. त्यावर साल १७८० च असतं, राणी त्याच वर्षी वारली आणि पुढे कितीतरी टाकसाळींनी तेच साल ठेवून ही नाणी पाडली, म्हणून सालावरून काही ठरत नाही पण धातूवरून ठरतं. आधी कोरडं वजन घ्या, साधारण २८.०७ ग्रॅम यायला हवं. मग काट्यावर पाणी भरलेला प्लास्टिकचा छोटा कप ठेवून काटा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, अंगावर हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून काढा. काटा २.७५ च्या जवळ दाखवेल. २८.०७ ला २.७५ ने भागा, १०.२ येतं. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, आणि थेलरमध्ये चांदी ८३.३ टक्के, बाकी मुख्यतः तांबं, तेव्हा १०.२ बरोबर बसतं. उत्तर नऊच्या खाली आलं तर वरून चांदी आणि आतून भलतंच. झालं की नाणं मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या, पुसू नका.

पुसण्यावरून आठवलं, साफसफाईचा विषय वर्षातून एकदा तरी घ्याच, कारण प्रत्येक क्लबात एक जण असतो जो टूथपेस्टने नाणी चकाचक करून आणतो आणि अभिमानाने दाखवतो. त्याला सगळ्यांसमोर झापू नका, त्याचं नाणं आणि एक न घासलेलं नाणं शेजारी शेजारी लॅम्पखाली ठेवा, त्याला स्वतःलाच दिसेल. काळपट झालेला थर म्हणजे घाण नव्हे, तो गेला की किंमतही गेली. अपवाद एकच म्हणता येईल, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात वर्षानुवर्षं राहून आलेला हिरवा चिकट थर. तो आम्लधर्मी असतो, नाणं खात राहतो. शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढतात, खिडक्या उघड्या ठेवून, आसपास ज्योत नको, आणि नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात बाकीचं बरंच काय काय घातलेलं असतं. मग पाकिटं बदला, पॉलिएस्टरची घ्या. मऊ, लवचिक आणि नव्या प्लास्टिकचा वास मारणारी असली की नकोच.

ग्रेडिंगवरून, म्हणजे नाणं किती झिजलंय ते बघून त्याचा दर्जा ठरवण्यावरून, भांडणं होणारच. १ ते ७० चं जे माप आज सगळे वापरतात ते १९४९ साली विल्यम शेल्डनने अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी मांडलं होतं, पुढे ते सगळ्यालाच लागू झालं. भांडणाचा खेळ करून टाका: एकच नाणं सगळ्यांकडे फिरवा, प्रत्येकाने चिठ्ठीवर ग्रेड लिहायची, न बोलता, मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. मालकाची चिठ्ठी बहुतेक वेळा सगळ्यात वरची निघते आणि खोली हसून घेते. दोन-चार मीटिंगनंतर आकडे जवळ यायला लागतात.

अदलाबदल आणि लिलाव मीटिंगच्या शेवटी ठेवा, आधी ठेवलात तर लोक खरेदी करून निघून जातात. अदलाबदलीला क्लबने मधे पडू नये, दोघांचं ते बघून घेतील. लिलावाला मात्र लेखी नियम हवेत. प्रत्येक लॉटला, म्हणजे एका वेळी पुकारायच्या मालाला, चिठ्ठी: देश, किंमत किती छापलीय, साल, धातू, वजन, आणि दोष. दोष लिहिलाच पाहिजे, "कडेला टोचा", "जुनं साफ केलेलं", "भोक बुजवलेलं" असं स्पष्ट. "दुर्मिळ" हा शब्द चिठ्ठीवर लिहायला बंदी घाला, फार शांतता लाभते. राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली विकायचं नाही ती, असेल तर आधीच सांगायची. बोली पुकारणाऱ्याने स्वतःचा माल त्या दिवशी पुकारू नये. आणि बनावट निघालं तर किती दिवसांत परत घ्यायचं ते आधीच ठरवा, पुढच्या मीटिंगपर्यंत ही मुदत बरी पडते. विक्रीतून क्लबला थोडं कमिशन ठेवलंत तर वर्गणी वाढवावी लागत नाही. उत्खननातली वाटणारी, माती लागलेली जुनी नाणी कोणी आणली तर कुठून आली हे विचारा, कागद मागा, बहुतेक देशांत पुरातन वस्तूंचे कायदे आहेत, आणि उत्तर गोलमाल आलं तर लॉट घ्यायचाच नाही. इथे भिडस्तपणा करू नका.

हिशोब: खजिनदाराने दर मीटिंगला जमा-खर्च एका पानावर वाचून दाखवायचा. एवढंच.

मुलांसाठी वेगळं काही भव्य करायची गरज नाही. मिसळ केलेली परदेशी नाण्यांची पिशवी, जगाचा कोरा नकाशा आणि भिंग द्या, नाणं त्याच्या देशावर ठेवायचं. हेल्वेटिया लिहिलेलं स्वित्झर्लंडवर आणि सुओमी लिहिलेलं फिनलंडवर जातं हे शोधताना मोठ्यांनाही घाम फुटतो. आणखी एक युक्ती, नाणं वरून-खालून चिमटीत धरून आडवं फिरवायला सांगा. ब्रिटनचं किंवा युरोचं नाणं सरळच दिसतं, अमेरिकेचं उलटं होतं. मुलं मग घरातलं प्रत्येक नाणं फिरवून बघतात.

आता बातमीपत्र, जिथे बहुतेक क्लब माती खातात. "क्लबची मासिक सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली, मान्यवरांनी मोलाचे मार्गदर्शन केले." हे वाचून कोणाला काय मिळालं? जो आला नव्हता त्याला आपण काय हुकवलं ते कळलं पाहिजे. असं लिहा: "या वेळचा विषय जहाजं. ब्रिटनची जुनी अर्धी पेनी आली होती, १९३७ पासून तिच्यावर ड्रेक या दर्यावर्द्याचं गोल्डन हाइंड जहाज आहे. तीन नाणी तोलली, दोन ५.६७ ग्रॅमच्या जवळ आली, तिसरं बरंच हलकं निघालं, कड घासलेली दिसते, पुढच्या वेळी कॅलिपर लावू. पुढचा विषय: भोक असलेली नाणी." चार ओळी, पण पुढच्या वेळी तिसऱ्या नाण्याचं काय झालं हे बघायला माणूस येतो.

लिहायचं काम एकाकडेच ठेवा पण टिपणं मीटिंगमध्येच काढायची, घरी जाऊन आठवून नाही. दोन दिवसांत पाठवा, आठवडा गेला की ते राहूनच जातं. फोटो काढताना नाणं पाकिटातून बाहेर, खाली करडा कागद, मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर सपाट ठेवून थोडा उंचावरून, लॅम्प तिरका, फ्लॅश बंद. दोन्ही बाजू सारख्या आकाराच्या. खाली व्यास आणि वजन लिहिलंत तर दहा वर्षांनीही तो फोटो कामाचा.

आणि काय लिहायचं नाही तेही ठरवा. कोणाचं नाणं किती किमतीचं, कोण नेहमी काय घेऊन येतो, कोण महिनाभर गावाला गेलाय, यातलं काहीही नाही. सदस्याचं नाव त्याला विचारूनच, नाहीतर "एका सदस्याने" पुरतं. फोटोतलं लोकेशन काढून टाका. प्रदर्शन भरवणार असाल तर तारीख-वेळ जाहीर करा, पण नाणी कोण कुठून कधी आणणार हे फक्त दोघा-तिघांना माहीत असावं, कुलपाची काचपेटी आणि तिच्याशेजारी सतत एक माणूस.

पदाधिकारी बदलतात तेव्हा काटा, कॅलिपर, चुंबक, लिलावाच्या जुन्या चिठ्ठ्या, हिशोबाची वही आणि बातमीपत्राची फाइल सगळं एकाच खोक्यात, वर यादी चिकटवून, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोजून द्यायचं. आणि देण्याआधी काट्याच्या बॅटऱ्या काढून ठेवा, गळाल्या की काटा बाद.