चराईचा परिणाम मोजायचा तर आधी कुंपण घाला

गिरणाऱ्याच्या आमच्या माळावर मी हे 3 वर्षं करतेय. मृगाआधी दोन-दोन मीटरचे दोन चौकोन शेजारी शेजारी आखा. एकाला बोरीच्या फांद्यांचं दाट कुंपण, दुसरा गुरांना मोकळा. दसऱ्यानंतर दोन्हींतलं एकेक चौरस मीटर सगळं हिरवं कापून, वाळवून तोला. कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो.

अमेरिकेत सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर 1940 च्या दशकाच्या शेवटी अशीच कुंपणं घातली, मूस या अवाढव्य हरणाला बाहेर ठेवायला. मूस बर्च, अ‍ॅस्पेन ही पानझडी झाडं ओरबाडतो, स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाला सहसा तोंड लावत नाही. मग स्प्रूस वाढतो, त्याच्या सुया सावकाश कुजतात, मातीत नत्र कमी मोकळं होतं. म्हणून नुसतं वजन पुरे नाही, काय उरलं तेही बघा! आमच्या मोकळ्या चौकोनात टाकळा माजला. गुरं त्याला शिवत नाहीत.

पाला किती वेगाने कुजतो हे बघायला मच्छरदाणीच्या कापडात पालापाचोळा तोलून बांधा, मातीत पुरा, दोन महिन्यांनी पुन्हा तोला. मात्र माती धुऊन, वाळवून. पहिल्या वर्षी मी ते केलं नाही आणि सगळे आकडे वाया गेले.