या चुका टाळा: द्राक्ष उद्योगात जमिनीला परत देताना काय बिघडतं

दिंडोरी-निफाड पट्ट्यातली एखादी वायनरी, बेदाणा युनिट किंवा पॅकहाऊस 'आम्ही शाश्वतच्या पुढे जाऊन रिजनरेटिव्ह, म्हणजे जमिनीला परत देणाऱ्या पद्धतीने काम करतो' असं म्हणू लागलं, तर एकच प्रश्न विचारावा. जमिनीला, पाण्याला आणि बागायतदाराला वर्षाअखेर आधीपेक्षा काय जास्त मिळालं? इथेच बहुतेकांची गाडी अडते. किती ट्रॉल्या खत टाकलं, किती रोपं लावली याची नोंद असते. जमिनीत काय बदललं याची नसते.

सेंद्रिय कर्बाचा खोटा आकडा

पहिल्या वर्षी मातीचा नमुना दोन ओळींच्या मधून घेतात, दुसऱ्या वर्षी ड्रिपरखालच्या बोदातून, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यातून. बोदात शेणखत, पाणी आणि मुळं जास्त, त्यामुळे कर्ब (कार्बन) 'वाढलेला' दिसतो. बोद आणि मधली जागा यांचे नमुने कायम वेगळे ठेवा. 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंमी असे दोन थर घ्या. हंगाम तोच आणि प्रयोगशाळाही तीच हवी.

दुसरी चूक जास्त छुपी असते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते. नमुना जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या यंत्रात चुनखडीतला कर्बही धरला जातो. आधी आम्लाने चुनखडी काढली नाही तर आकडा फुगतो. रसायनांनी कर्ब मोजणाऱ्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत ही अडचण येत नाही, पण ती पूर्ण कर्ब पकडत नाही. म्हणून एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरी पद्धत वापरून तुलना करू नका.

मातीची घनताही मोजा. घनता 1.3 ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 30 सेंमी थरात सुमारे 3,900 टन माती असते. म्हणजे कर्ब 0.1 टक्क्याने वाढला तर 3.9 टन कर्ब साठला. एवढा बदल एका हंगामात कुणी दाखवत असेल, तर आधी नमुना कुठून घेतला ते तपासा.

चोथा थेट बागेत टाकणं

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. एक टन द्राक्षं गाळली की साधारण 200 ते 250 किलो चोथा निघतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तो एकदम अंगावर येतो. जागा मोकळी करण्याच्या घाईत तो तसाच बागेत जातो. ताजा चोथा आंबट असतो. पांढऱ्या वाईनच्या चोथ्यात साखरही उरलेली असते, त्यामुळे तो आंबतो आणि माश्या धरतो. कुजताना तो मातीतलं नत्र ओढून घेतो आणि वेल पिवळी पडते.

आकारमानाने तीन भाग चोथा, एक भाग शेण आणि एक भाग छाटणीची श्रेडर केलेली काडी असा ढीग लावा. उंची सव्वा ते दीड मीटर, रुंदी दोन ते अडीच मीटर ठेवा. मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंबच यावेत. उन्हाळ्यात नाशिकच्या कोरड्या हवेत ढीग आठवडाभरात सुकतो, म्हणून वरून गवताचं आच्छादन घाला आणि पलटी मारताना पाणी शिंपडा. आतलं तापमान 55 ते 65 अंशांत राहायला हवं. त्यासाठी मीटरभर लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या, हाताचा अंदाज चालत नाही.

शिरक्यासारखा वास आला तर हवा कमी पडते आहे: पलटी मारा, काडी वाढवा. अमोनियाचा झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, कोरडा पालापाचोळा घाला. ढीग तापतच नसेल तर तो बहुधा सुकलेला, चिखल झालेला किंवा फारच लहान असतो. जूनआधी ताडपत्री टाका, नाहीतर सगळा अर्क ओढ्यात जातो.

खत तयार झालं का, हे मेथीच्या दाण्यांवर बघा. खतमिश्रित मातीत दहा आणि साध्या मातीत दहा दाणे पेरा. खताकडे उगवण मागे पडली तर आणखी महिनाभर थांबा. फेब्रुवारीत लावलेला ढीग गोडी छाटणीच्या, म्हणजे फळांसाठी पावसाळ्याअखेर होणाऱ्या छाटणीच्या आधी बोदात भरायला तयार व्हायला हवा. या खतात पालाश (पोटॅश) भरपूर असतं. नेहमीचा पोटॅशचा डोस तसाच चालू ठेवला तर मॅग्नेशियम उचललं जात नाही, म्हणून पानांच्या देठांचं प्रयोगशाळेत परीक्षण करून डोस कमी करा.

तांब्याचा हिशोब न ठेवणं

1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) एकरी 400 लिटर मारलं की 4 किलो मोरचूद, म्हणजे साधारण 1 किलो तांबं जमिनीवर येतं. हेक्टरी अडीच किलो. तांब्याचं विघटन होत नाही, ते वरच्या थरात साचत जातं आणि गांडुळांना मारक ठरतं. युरोपीय संघात 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे सरासरी वर्षाला 4 किलो ही मर्यादा आहे. दोन फवारण्यांतच ही वर्षाची सरासरी ओलांडली जाते. फवारण्या मोजू नका, किलो मोजा. एकीकडे गांडूळखत आणि दुसरीकडे बेहिशोबी बोर्डो हा पैशाचाही अपव्यय आहे.

छताचं पाणी थेट बोअरमध्ये

1,000 चौरस मीटर छत आणि 700 मिमी पाऊस धरला तर वर्षाला सुमारे सहा लाख लिटर पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडा, उरलेलं दगड, खडी आणि वाळूच्या थरांतून गाळून घ्या. अखंड बेसाल्टमध्ये खड्डा खणून उपयोग नाही, पाणी तुंबून राहतं. आधी खड्डा भरून पातळी किती वेळात उतरते ते बघा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात प्लेटिंगचं (धातूवर मुलामा देण्याचं) काम चालतं अशा आवारातलं पाणी तर कधीच जमिनीत सोडू नका.

लेबलवर दावा छापण्याची घाईही नको. ग्रीनवॉशिंगबाबत (पर्यावरणाच्या नावाने खोटे दावे करण्याबाबत) केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत आणि पर्यावरणविषयक दाव्याला पुरावा लागतो. नमुन्याची जागा, तारीख आणि प्रयोगशाळेचा अहवाल फाइलमध्ये आधी हवा.

खर्च शेतकऱ्याच्या माथी मारणं

कंपनी सांगते: काडी जाळू नका, पावसाळ्यात ओळींमध्ये हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, 40-45 दिवसांनी फुलं येण्याच्या सुमारास कापा. बियाणं, मजूर आणि डिझेल मात्र बागायतदाराचं, आणि द्राक्षाला भाव तोच. मग पहिल्याच तंगीत ताग बंद होतो, किंवा कापायला मजूर न मिळाल्याने तो जून होतो आणि कुजायला वेळ घेतो.

करार किमान तीन वर्षांचा करा. श्रेडर कंपनीने घ्यावा आणि गावोगाव फिरवावा. ताग आणि काडीच्या कामाचे पैसे द्राक्षाच्या दरात मिसळू नका, एकरी वेगळे ठरवा. निर्यातीत माल नाकारला गेला तरी ते कापू नका. आणि ते गोडी छाटणीआधी खात्यात जमा करा, कारण बागायतदाराचा सगळ्यात मोठा खर्च तेव्हाच सुरू होतो.